विहिरीवर सांगितलेलं पुस्तक

आमच्या शाळेच्या वाचनालयाची मी तीन नावं पाहिली. मी पहिल्यांदा त्या शाळेत पाऊल टाकलं तेव्हा दारावरच्या फळीवर उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं आणि सगळे त्या खोलीला कुतुबखाना म्हणत. मग निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, आणि फळीवर निळा रंग फासून त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रंथालय' आलं. पुढं भाषेप्रमाणं राज्यं वेगळी झाली, आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला, आणि त्याच फळीवर तेलुगू अक्षरं चढली. रंगावर रंग असे बसले होते की पावसाळ्यात फळी फुगून दाराला अडायची. आतला माणूस मात्र तिन्ही वेळा तोच होता. त्यांना सगळे मुनशीजी म्हणायचे.

मुनशीजी मुळात उर्दूचे मास्तर. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शेरवानीचा रंग कोपरांवर उडालेला आणि खिशात कायम लवंगा. राज्य बदललं त्या दिवसांत त्यांच्या घराला बरेच दिवस आतून कडी होती. त्यांचे भाऊबंद शहर सोडून गेले. ते गेले नाहीत. का गेले नाहीत हे मी कधी विचारलं नाही, आणि असलं काही विचारायचं माझं ते वयही नव्हतं. शाळेत उर्दूच्या जागी मराठी वर्ग आले तेव्हा त्यांना शिकवायला वर्ग उरला नाही. त्या वेळचे हेडमास्तर भले असावेत, त्यांनी मुनशीजींच्या हातात कुतुबखान्याच्या किल्ल्या दिल्या. पाठोपाठ मराठी पुस्तकांच्या पेट्या आल्या. आता मुनशीजींना मराठी ऐकून सगळी कळायची, बाजारापुरती बोलताही यायची, पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. पुस्तक हातात आलं की उर्दूच्या सवयीनं ते शेवटाकडून उघडायचे, जरा बघायचे, मान हलवायचे आणि मग उलटं करायचे. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. तेही हसायचे. बाजारात लोक म्हणायचे, टकल्याच्या हाती कंगवा दिला सरकारनं.

पण त्या टकल्यानं कंगव्याचा असा उपयोग केला की मी आज सत्तरी ओलांडून हे लिहायला बसले आहे. त्यांनी एकच नियम केला. पुस्तक हवं तितके दिवस न्या, परत करताना मात्र ते मला सांगा. नुसतं 'छान होतं' चालायचं नाही. खिडकीपाशी एक बाक होता, त्यावर बसायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. मुनशीजी समोर स्टुलावर बसून लवंग चघळत ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "फिर? वो घर छोडके कायकू गया? उसकी माँ क्या बोली?" तुम्ही दोन पानं गाळली असली की त्यांना बरोबर कळायचं. पुस्तक वाचलेलं नसूनही कळायचं, कारण गोष्टीचा धागा तुटायचा आणि ते तिथंच बोट ठेवायचे. आम्हाला वाटायचं ही परीक्षा आहे. खरं म्हणजे त्यांना त्या पुस्तकात काय आहे हे हवं होतं, आणि ते कळायला आमच्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

ऐकलं तशी त्यांनी पुस्तकं लावली. नावं वाचून लावणार तरी कशी? एक खण हसायचा, एक रडायचा, एक भुतांचा, एक शेतीवाडीचा, आणि एक भांडणांचा, त्यात इतिहासाची पुस्तकं असायची. ज्या पुस्तकाबद्दल अजून एकाही पोरानं काही सांगितलेलं नसेल ते सगळ्यांत खालच्या खणात आडवं पडलेलं असायचं. "ये अब्भी गुंगे हैं बेटी," ते म्हणायचे, "कोई तो इनकू जबान देव." मुक्या पुस्तकाला बोलतं करण्याचा मान मिळावा म्हणून आम्ही पोरं खालच्या खणापुढं उकिडवी बसायचो, एकमेकांना ढकलायचो. पुढं मी स्वतः बरीच वर्षं शाळेत शिकवलं. विषयवार लावलेली, पाठीवर आकडे चिकटवलेली उत्तम वाचनालयं पाहिली, आणि त्यांच्या कपाटांची कुलुपंही पाहिली. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून पोरांच्या हाती द्यायची नाहीत, या शहाणपणापुढं मी हात टेकले आहेत.

आमचं घर शहरापासून कोसभर, बेला गावाच्या रस्त्याला, मळ्यातच. आम्ही भाजीपाल्याचे माळी. वांगी, मिरची, पालक, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि कडेनं अंबाडी. उजाडता उजाडता बा मोट जुंपायचा. बैल उतारावरून खाली चालत गेले की विहिरीतून चामड्याची भरलेली मोट वर यायची, थारोळ्यात भसकन् रिकामी व्हायची, आणि ते पाणी पाटानं वाफ्यांत पळायचं. तिकडं माय फावडं घेऊन एका वाफ्याचं दार मोडायची, दुसऱ्याचं बांधायची. मोटेचं चाक करकर करायचं. ती करकर थांबली की माझी झोपमोड व्हायची. एरवी तिच्यावर मी शांत झोपायची. न्याहारीला ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. मग बा भाजीची गाडी जुंपून शहराच्या बाजारात निघायचा आणि मी त्या गाडीत पालकाच्या जुड्यांशेजारी बसून शाळेला जायची. मुलीला शाळेत घालण्यामागं बाचा काही थोर विचार नव्हता. गाडी जातेच आहे तर पोरगीही जाऊ दे, एवढाच. पण त्या गाडीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मुनशीजींपुढं अडखळायला नको म्हणून मी पुस्तक आधी विहिरीवर सांगून बघायला लागले. थारोळ्याच्या काठावर बसायचं आणि पाण्याला सांगायचं. बा बैलांबरोबर उतार उतरायचा तेव्हा माझ्यापासून लांब जायचा, बैलांना मागं सारत परत यायचा तेव्हा जवळ. म्हणजे त्याच्या कानावर गोष्ट तुकड्यातुकड्यानं पडायची. सुरुवातीला मला वाटलं तो ऐकतच नाही. एक दिवस तो उतारावरूनच ओरडला, "अंजे, थांब वं! पानी पडू दे. मले आइकू नाय आलं, त्या सावकाराचं काय झालं मंग?" मी चाट पडले. त्या दिवसापासून पाणी पडताना मी थांबायची आणि पाणी पडून गेलं की पुढं सांगायची. माय वाफ्यातून म्हणायची, "बाप्पा, पोट्टी सांगून राह्यली आन् मिरचीत पानी भरून राह्यलं. कोनाचं ध्यान हाये का इकडं?" पण तिचंही ध्यान गोष्टीकडंच असायचं, कारण बा चुकला की ती दुरुस्त करायची.

आठवीच्या आधीच्या हिवाळ्यात मी खालच्या खणातून एक मुकं पुस्तक उचललं. त्याला कव्हर नव्हतं, नाव नव्हतं. कुणी तरी बंगालीतून मराठीत आणलेलं असावं. मुनशीजींनी सवयीनं ते मागून उघडलं आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं. "इसका आखिर नहीं है बेटी. पन्ने गये." मी म्हटलं, असू द्या. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची होती. तिचा बाप पुराच्या दिवसांत नाव घेऊन गेलेला आणि परत आलेलाच नाही. आई मरते, आणि ही पोर नदीच्या काठाकाठानं गावोगाव विचारत बापाला शोधायला निघते. कुठं भात कांडून देते, कुठं गुरं राखते, पण चालत राहते. ही गोष्ट आमच्या विहिरीवर जवळजवळ सगळा हिवाळा चालली. बाचा तिच्यावर इतका जीव जडला की बाजारातून परत येताना गाडीतही तो विचारायचा, पोरगी आता कोणत्या गावात आहे. मग एका सकाळी ती पोर एका मोठ्या घाटावर येते, नदी दोन्ही थड्या भरून वाहते आहे, पलीकडून एक नाव सुटते, आणि पान संपतं.

"मंग?" बा म्हणाला.

"पुढची पानं नाहीत."

"नाय म्हंजे? कुटं गेली? वान्यानं पुड्या बांधाले नेली का?"

"मला काय माहीत, बा. मुनशीजी म्हणाले होते शेवट नाही म्हणून."

"मंग घेतलं काऊन असं पुस्तक? शेवट नसन तर गोष्ट आनू नये घरात." तो बैलांवरच चिडला. पुढं कित्येक दिवस तो काम करता करता मधेच म्हणायचा, "नावेत बापच असन. दुसरं कोन राह्यते?" माय म्हणायची, "कोनीबी असन. कोळी असन." मग त्यांचं यावरून खरोखरचं भांडण व्हायचं.

त्याच उन्हाळ्यानंतर राज्यांची वाटणी अमलात आली. पैनगंगेच्या पलीकडं एक राज्य, अलीकडं दुसरं. आमच्या मळ्याला काही कळलं नाही, वांगी तशीच लागत राहिली. पण शाळेतले मराठी मास्तर एकेक करून पलीकडं बदली घेऊन गेले. खालच्या वर्गांचं मराठी कसंबसं राहिलं, वरच्या वर्गांना शिकवायला कुणी उरलं नाही. नवे हेडमास्तर राजमुंद्रीकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी मराठी मुलांच्या बापांना बोलावून हिंदीतून सांगितलं, की आठवीपासून पुढं सगळं तेलुगूत होईल, ज्याला नको त्यानं नदीपलीकडं घालावं. शिकायचं असलेले मुलगे मामा-काकांकडं पांढरकवड्याला, यवतमाळला गेले. मुलीला कोण पाठवतो? बा घरी आला, पगडी खुंटीला लावली आणि मायला म्हणाला, "झाली तिची शाळा. होती तितली झाली." माय चुलीकडं वळली. त्या दिवशी तिनं भाकरी दोन्ही बाजूंनी करपवल्या, एवढं मला आठवतं.

मला आधी रडू आलं नाही. गाडीत मी अजूनही बसत होते, फक्त आता शाळेच्या फाटकापाशी उतरत नव्हते, बाजारात बाच्या शेजारी गोणपाटावर बसून सांभाराच्या जुड्या मांडत होते. फाटकापाशी गाडी आली की मी दुसरीकडं बघायची. आठवडाभरानं एकदा मुलं प्रार्थना म्हणत होती आणि तो आवाज रस्त्यापर्यंत आला, तेव्हा मात्र पालकाच्या जुड्यांत तोंड घालून रडले. बानं पाहिलं. तो बैलांना म्हणाला, "चाल रे," आणि गाडी जरा जोरात हाकली. तो वाईट माणूस नव्हता. जी भाषा पोरीला येत नाही त्या भाषेत ती काय शिकणार आणि त्याचं पुढं काय होणार, हे त्याच्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं.

मुनशीजी रोज शाळेला जाताना बाजारातून भाजी घ्यायचे. मला गोणपाटावर बसलेलं पाहून ते उभे राहिले. बानं सगळं सांगितलं. मुनशीजींनी ऐकून घेतलं, त्यांचं तर कामच ते. वांगी घेतली, बाला सलाम केला आणि गेले. काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी ते आले ते जरा घाईघाईनं, वांग्यांकडं न बघताच बाला म्हणाले, "सेठ, वो नाववाली लडकी की किताब मिल गयी. पूरी है. आखिर भी है."

गोष्ट अशी झाली होती. शाळेत तेलुगू पुस्तकांच्या नव्या पेट्या आल्या होत्या आणि मुनशीजींच्या लेखी ती सगळीच मुकी होती, कारण तेलुगूही त्यांना बोलता यायची, वाचता यायची नाही. तेलुगू वर्गातला, माझ्याच वयाचा पोशेट्टी, ज्याचा बाप बाजारात दोर विकायचा, त्यानं एक पुस्तक नेलं, आणून दिलं आणि बाकावर बसून तेलुगूत सांगायला लागला. सांगता सांगता नावाडी आला, पूर आला, काठानं चालणारी पोर आली. मुनशीजी स्टुलावरून उठलेच म्हणे. माझ्या तोंडून ऐकलेली गोष्ट पोशेट्टीच्या तोंडून येत होती. तेच बंगाली पुस्तक तिकडं तेलुगूतही गेलं होतं. दोन्ही लिप्या न वाचता येणाऱ्या माणसानं ती दोन पुस्तकं एकच आहेत हे ओळखलं, आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच ओळखता आलं नसतं, कारण त्या बाकावर आम्हा दोघांचंही ऐकणारा तो एकटाच होता.

बा गोणपाटावरून अर्धा उठला. "मंग सांगा ना! नावेत बापच होता ना?"

मुनशीजींनी लवंग तोंडात टाकली. "मैं सुननेवाला आदमी, सेठ. जो पढे सो सुनाये. किताब स्कूल में है."

"अहो, दोन बोलांत सांगा. होता का नवता?"

"नक्को."

"वांगे न्या. पैसे नका देऊ."

"बैंगन बहोत अच्छे हैं," मुनशीजी हसून म्हणाले, "फिर भी नक्को. बेटी पढेगी, बेटी सुनायेगी."

"तिले तेलंगी कुटं येते?"

"आयेगी. ये किताब आधी तो उसको मुँहजबानी याद है."

बा वांग्याच्या भावावरून कुणाला हार गेलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. शेजारी कांदे विकणारी सुभद्रामावशी तोंडाला पदर लावून हसत होती. बानं मान खाली घालून थोडा वेळ जुड्या इकडच्या तिकडं केल्या आणि म्हणाला, "बरं. पुस्तक सरेलोक जाईन. सरलं का बंद. मंग मले काई सांगू नका." मुनशीजी म्हणाले, "मंजूर." मी तशीच, पालकाची माती हाताला लागलेली, त्यांच्या मागं शाळेत गेले.

तेलुगू वर्गात पहिले दिवस मी नुसती बसायची. मास्तर बोलायचे, पोरं उत्तरं द्यायची, मला पाटातलं पाणी वाहिल्यासारखं वाटायचं. पण मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर कुतुबखान्यात (मी तर अजून तेच म्हणते) मुनशीजी खिडकीपाशी दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवायचे. डावीकडं माझं मराठी, उजवीकडं तेलुगू. तेलुगू अक्षरं मला काकडीच्या वेलाच्या ताण्यांसारखी दिसायची, एकमेकांत गुंतलेली. पोशेट्टी बोट ठेवून वाचायचा, मी डावीकडं बघायची. पोर बापाला हाक मारते ते वाक्य पानापानावर होतं, म्हणून पहिला ओळखू आला तो शब्द 'नान्ना', म्हणजे बाबा. मग नदी, नाव, भात, पाऊस. जी गोष्ट मला तोंडपाठ होती ती माझा हात धरून मला त्या भाषेत घेऊन गेली. पोशेट्टी कधी कंटाळला की म्हणायचा, "अंजनाबाई, तुमी लई सवाल करता." मुनशीजी त्याला एक लवंग द्यायचे आणि तो पुढं वाचायचा. बाजारात मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. सुभद्रामावशीला त्याचं भारी नवल वाटायचं. ती मला एकच पाटी चारदा वाचायला लावायची.

मुनशीजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खण नव्यानं लावले. भूगोलाचं मराठी पुस्तक तेलुगू भूगोलाशेजारी, गणित गणिताशेजारी, असं सगळ्यांचं. कुठलं पुस्तक कशाचं जोडीदार हे त्यांना पोरांकडूनच कळायचं. आमच्यासारखी अडकलेली आणखी तीन-चार मराठी मुलं होती, त्यांनाही त्यांनी बाजारात गाठून गाठून आणलं. वर्गात मास्तर जे शिकवायचे ते मी आधी डावीकडं वाचायची, मग उजवीकडं. हेडमास्तर एकदा दारात येऊन बराच वेळ बघत उभे होते. मग आपल्या खोलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी शिपायानं वाचनालयात एक जास्तीचा बाक आणून ठेवला.

मराठी पानं संपली तिथं, त्या घाटावर, माझा आधार सुटला. पुढचं नुसतं तेलुगू. तिथं मला एकेका पानाला दिवस दिवस लागायचे. विहिरीवर बा वाट बघायचा. मी म्हणायची, आज नाव अजून पाण्यातच आहे. तो म्हणायचा, "काल बी पान्यातच होती." आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं की पुस्तक संपलं की माझी शाळा संपणार. एक दिवस माय वाफ्यात माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "इतली घाई काऊन करतं वं? हळूहळू सांग ना. नदी मोठी हाये म्हन." तिनं आयुष्यात बाच्या विरुद्ध केलेलं एवढंच कारस्थान मला माहीत आहे. मलाही तो मोह होताच. मी मुनशीजींना विचारलं, पुस्तक आणखी थोडे दिवस ठेवलं तर? त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी म्हणाले, "बाहर दो बच्चे खडे हैं बेटी, इसीच किताब के लिये. पढ ली तो दे देना. और सच्चा सुनाना." त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आज वाटतं, त्यांनी एवढं एक जरी सोडलं असतं तरी बाकीच्याला काही अर्थ उरला नसता.

म्हणून मी सांगितलं. कपाशीला बोंडं फुटायचे दिवस होते, हवेत गारठा होता, मोटेचं पाणी कोमट लागत होतं. मी थारोळ्यावर बसले आणि शेवट सांगितला. त्या नावेत बाप नव्हता, परका नावाडी होता. तो पोरीला पलीकडं नेता नेता म्हणतो, तुझ्यासारखंच विचारत एक म्हातारा पलीकडच्या काठानं नाव हाकत खाली गेला आहे, पोरगी शोधतो म्हणत होता. बाप केव्हाच परत फिरला होता. ती एका काठानं वर गेली, तो दुसऱ्या काठानं खाली आला, आणि मधे पुराची नदी. मग ती माघारी वळते, पलीकडच्या काठानं, आणि त्यांची भेट होते ती त्यांच्याच गावच्या समोर, उलट्या काठावर. तो तिला ओळखत नाही, ती मोठी झालेली असते. ती त्याच्या नावेत बसते, वल्हं हातात घेते आणि म्हणते, नान्ना, घरी चल.

बैल उतारावर उभे होते. भरलेली मोट अर्ध्यावर लटकत होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मायनं फावडं टेकलं होतं. बा कासऱ्याशी चाळा करत उभा होता. तो खाकरला.

"नाय," तो म्हणाला.

"काय नाही, बा?"

"नाय समजलं मले. तुह्याकडून काई तरी सुटलं मधात."

"काही नाही सुटलं. सगळं सांगितलं मी."

"सुटलं म्हनतो ना! तेलंगी हाये ते, एका वक्ताले नाय समजत असं. पुन्यांदा वाच." त्यानं बैलांना हाक दिली, मोट वर आली, पाणी भसकन् पडलं. पाण्याच्या आवाजात तो आणखी काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

त्या सकाळी बाजारात मी गोणपाट अंथरत होते तेव्हा बा सुभद्रामावशीला गोष्ट सांगायला लागला होता. तिनं विचारलंही नव्हतं. पूर, परका नावाडी, दोन काठ, उलट्या काठावरची भेट, वल्हं, काही म्हणजे काही त्यानं गाळलं नाही. 'नान्ना' सुद्धा बरोबर म्हणाला. मावशी कांदे सोडून डोळे पुसत होती. एवढ्यात मुनशीजी भाजीला आले. बा एकदम गप्प झाला, तराजू उचलला आणि त्यांच्या पिशवीत वांगी टाकता टाकता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मुनशीजी, आमच्या पोट्टीले अजून काई नीट वाचता येत नाय. तुमीच पाहा आता."

मुनशीजींनी एकदा सुभद्रामावशीच्या ओल्या डोळ्यांकडं पाहिलं, एकदा बाकडं. "हौ सेठ," ते म्हणाले, "बहोत देर लगेगी."

"लागू द्या," बा म्हणाला.